द्विवचनाची जागा

आमच्या घरी लॅटिन आलं ते दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी. मी नई सडकेवरून मेथीच्या जुड्या घेऊन धापा टाकत जिना चढून वर आले, तर लेक जेवणाच्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसलेली. पुढ्यात एक पातळसं पुस्तक उघडं. मला वाटलं, शाळेत मुख्याध्यापिकेशी पुन्हा वाजलं असेल. तसं नव्हतं.

"आई, हे माझ्याकडून नाही होऊन राहिलं," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

लेक तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. इतिहासात एम.ए. केलेलं, ग्वाल्हेरमधल्याच एका खाजगी शाळेत शिकवत होती, आणि डोक्यात एक खूळ घेऊन बसली होती. फार पूर्वी आग्र्याच्या बादशहाकडे काही पाद्री आले होते, आणि त्यांनी वाटेत पाहिलेल्या मुलखाच्या हकिकती लॅटिनमध्ये लिहून ठेवल्या आहेत. त्यांत आमचा किल्लाही येतो. ते जुनं हस्ताक्षर वाचायला शिकवणारा एक अभ्यासक्रम इटलीतल्या एका विद्यापीठात होता. शिष्यवृत्तीही होती, पण तिशीच्या आतल्यांसाठी. आणि अट अशी की फेब्रुवारीच्या अखेरीस प्राथमिक लॅटिनची तोंडी परीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची, समोर बसवून घेतात तशी. ह्या खेपेला हुकलं की पुढच्या वर्षी वय उलटलेलं. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच थंडीत.

मी जन्मभर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलं. लॅटिनचा गंध नव्हता. पण चष्मा लावून त्या पानाकडे पाहिलं आणि हसूच आलं. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी. पुएल्ला, पुएल्लाए, पुएल्लाम... एका शब्दाची शेपटी बदलत खाली उतरणारा तक्ता. असले तक्ते मी झोपेतही ओळखीन. मी म्हटलं, अगं, ही तर विभक्ती! ह्याला घाबरतेस?

घाबरत नव्हती, कंटाळली होती. दर रविवारी कॉम्प्युटरवर ती लॅटिनचा एक वर्ग करायची. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की पाठांतर करू नका, वाक्यं वाचत राहा, रूपं आपोआप अंगात मुरतील. तिच्या अंगात काही मुरत नव्हतं. मला त्या सरांचा मनापासून राग आला. समजून घ्यायचं आणि पाठही करायचं, दोन्हीला एकदम कोणी मनाई केली आहे का? पण आजकाल 'घोकंपट्टी' हा शब्द लोक शिवी दिल्यासारखा वापरतात, त्यामुळे मी तोंड मिटलं. म्हणजे दोन दिवस मिटलं.

तिसऱ्या दिवशी मेथी निवडायला बसले आणि पुस्तक शेजारी ठेवलं. पहिली गोष्ट ही केली की त्यांचा क्रम मोडला. त्या पुस्तकात प्रथमेनंतर एकदम षष्ठी, मग चतुर्थी, मग कुठे द्वितीया. असा बेशिस्त कारभार मी वर्गात कधी चालू दिला नाही, स्वयंपाकघरात काय म्हणून चालू देईन? मी तक्ता आमच्या क्रमाने लावून घेतला आणि म्हणायला लागले. आणि पहिल्याच ओळीला ठेचकाळले.

ज्यांनी शाळेत संस्कृत केलं आहे त्यांना ती चाल ठाऊक असेल. देवः, देवौ, देवाः. एक देव, दोन देव, पुष्कळ देव. तीन पावलांची चाल आहे ती. लॅटिनवाल्यांकडे पावलं दोनच. एक मुलगी, आणि मग थेट पुष्कळ मुली. दोघींसाठी त्यांच्याकडे वेगळं रूपच नाही. त्यामुळे म्हणताना लंगडल्यासारखं व्हायला लागलं. मी दोन-तीनदा अडखळले, आणि मग मधल्या जागी टेबलावर बोट वाजवलं. पुएल्ला, टक्, पुएल्लाए. चाल नीट बसली.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "आई, ये क्या है?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरात द्विवचन नसेल तर नसो, आपण त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. मग तीही मेथी निवडायला बसली. जुडी संपेस्तोवर तिचाही टक् माझ्याबरोबर पडायला लागला होता, आणि तिला तो तक्ता पाठ झाला होता. रविवारच्या सरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्या वर्षी थंडी कडक पडली. सकाळी खिडकीबाहेर धुक्यात समोरची दुकानंही दिसायची नाहीत, फक्त शटर वर करण्याचे आवाज यायचे. ती शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर आम्ही दोघी हीटरपाशी बसायचो. समोर तिळाच्या गजकचा डबा, मांडीवर शाल, आणि टक् टक् चाललेलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं की तुमच्याकडे सुतार लागलाय का. मी हो म्हणून टाकलं. लॅटिनचं कुठे समजावत बसा!

क्रियापदांचा कर्मणी प्रयोग आला तेव्हा माझ्या यजमानांनी पहिल्यांदा आमच्यात लक्ष घातलं. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. मी तापते, हे थंड असतात, त्यावर संसार निभावला. लेक त्यांना समजावत होती की ह्या रूपात कोणी केलं ते महत्त्वाचं नसतं, काय केलं गेलं ते महत्त्वाचं. हे म्हणाले की त्यात शिकायचं काय, आम्ही ऑफिसात सगळी उमर तेच लिहिलं. आपको सूचित किया जाता है. कार्यवाही की जा रही है. कोण सूचित करतंय आणि कोण कार्यवाही करतंय, हे निवृत्त होईपर्यंत त्यांनाही कळलं नव्हतं. पण नावच घालायचं असेल तर तीही सोय असते, लेक म्हणाली. 'अमक्याकडून' असा एक शब्द जोडायचा. ह्यांनी मान हलवली. ते आमच्याकडे कोणी जोडत नसे, म्हणाले.

ते कर्मणीचे तक्ते मात्र अवघड होते. स्तुती करणे ह्या धातूची रूपं आम्ही घेतली. लाउदातुर, टक्, लाउदान्तुर. लाउदारिस, टक्, लाउदामिनी. लाउदोर, टक्, लाउदामुर. त्याची स्तुती केली जाते, त्यांची केली जाते, तुझी, तुमची, माझी, आमची. पेपर वाचता वाचता हे म्हणाले की 'लाउदामिनी' ही सौदामिनीची बहीण दिसते. तेव्हापासून लेक नेमकी त्याच रूपावर अडायची. आधी हसायची आणि मग विसरायची. बोट वाजलं की मात्र आठवायची.

प्रश्नांचे शब्द मला सर्वांत आवडले. क्विस, क्विद, क्वान्दो, क्वोत. कोण, काय, कधी, किती. इतक्या लांबचे लोक आणि प्रश्न विचारताना आमच्यासारखाच 'क' लावतात, हे पाहून मला खरोखर आनंद झाला. आणि ते शब्द पाठ करायला मला वेळच लागला नाही. मुलीच्या आईचं निम्मं आयुष्य त्याच शब्दांवर चालतं. कुठे चाललीस, कोणाबरोबर, कधी येणार, कशी येणार. फक्त एक शब्द मी म्हणताना घाईने उरकायची. 'कुर'. म्हणजे का. का जायचंय तुला, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. का विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि उत्तर पटलं तर मग आडवं जाता येत नाही. मला आडवं जायचं नव्हतं. पण जाता येणार नाही अशी व्यवस्थाही इतक्यात नको होती.

तिनेच एकदा सांगून टाकलं. आम्ही नया बाजारातून पायी परतत होतो. वर किल्ला अर्धा धुक्यात होता. ती म्हणाली की आपल्या किल्ल्याबद्दल त्या पाद्र्यांतल्या एकाने काय लिहिलं ते सगळे इंग्रजीतून वाचतात, आणि एकमेकांचं उतरवून घेतात. त्याने स्वतः कोणता शब्द वापरला ते इथे कोणालाच माहिती नाही. "मला त्याचाच शब्द बघायचा आहे, आई. तू नाही का भाषांतरावर चिडत?" मी चिडते. जन्मभर चिडत आले आहे. तिला हे खूळ कुठून लागलं ते मला त्या रस्त्यावर कळलं.

परीक्षा आठवड्यावर आली तशी ती बदलली. खायचं सुटलं, चिडचिड वाढली. एक दिवस आरशासमोर बसून स्वतःलाच प्रश्न विचारत होती आणि एकदम थांबली. उत्तर देताना तिचं बोट वाजत होतं. ओठही हलत होते. तक्ता पहिल्यापासून म्हणत त्या रूपापर्यंत जायची सवय लागलेली. ती रडकुंडीला आली. परीक्षा घेणाऱ्यांना वाटेल की ही काही तरी बघून सांगतेय. तुझ्यामुळे झालं हे, असं म्हणाली. मी म्हटलं, उत्तर बरोबर येतंय ना? मग बोट मांडीखाली दाबून बस. वरवर ठसक्यात म्हटलं, पण आतून माझं धाबं दणाणलं होतं. रविवारचे सर बरोबर असले तर?

रात्री जेवताना तिने हळूच सांगितलं, "आई, त्या दिवशी तू आत्याकडे चाली जाशील? तू घरात असलीस ना, तर मला तुझीच चाल ऐकू येईल." तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, दाना ओली मोहल्ल्यात राहते. मी जाईन म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

परीक्षेच्या दुपारी मी साडी बदलली, पिशवी घेतली, चपला घातल्या. हे आधीच खाली जिन्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, कुरियरवाला किंवा भाजीवाला हाक मारेल म्हणून. सगळं घर त्या परीक्षेला बसलं होतं आणि मी एकटी बाहेर चालले होते. माझा पाय निघेना. मी चपला काढल्या, स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, आणि हाताला चाळा म्हणून मेथीची थाळी मांडीवर घेतली. मधलं दार लोटलेलं होतं. ह्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही.

आवाज स्वच्छ येत होता. परीक्षा घेणाऱ्या बाई सावकाश लॅटिनमध्येच विचारत होत्या. कुठे राहतेस, शहरात काय आहे, किल्ला कोणी पाहिला. लेक नीट उत्तरं देत होती. मग त्यांनी कर्मणीतलं काहीतरी विचारलं. 'तुमची स्तुती केली जाते' हे म्हणून दाखव, असं काहीसं. आत शांतता झाली. तीच ती लाउदामिनी! मला दिसत नव्हतं, पण कळलं की ती पहिल्या ओळीपासून निघाली आहे. मग टेबलावर हलकेच टक् वाजलं. आणि त्याच क्षणी माझं बोट, मला न विचारता, थाळीवर पडलं. स्टीलची थाळी ती. चांगली खणखणली.

बाई थांबल्या. इंग्रजीत विचारलं की तो आवाज कसला. आधी तुझ्या बाजूने आला, मग दुसरीकडून आला, त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण मला शाळेतल्या परीक्षा आठवल्या. मीसुद्धा कॉपी धरताना असाच आवाज काढायची. त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटर उचलून खोली दाखव. बाथरूममध्ये पळावं असं एकदा मनात आलं, पण मांडीवर मेथी होती आणि तेवढ्यात दार उघडलं. दारात लेक, हातात लॅपटॉप, आणि त्याच्या पडद्यावर पांढऱ्या केसांची, साधारण माझ्याच वयाची एक बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. माझं बोट अजून थाळीवरच होतं.

लेक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिच्यात राग नव्हता. सगळं संपलं असं त्या नजरेत होतं. मी उभी राहिले आणि मला जेवढं इंग्रजी येतं तेवढं सगळं विसरले.

मग लेकीनेच बोलायला सुरुवात केली. तिने बाईंना सांगितलं की ही माझी आई. आमच्या जुन्या भाषेत दोघांसाठी वेगळं रूप असतं, तुमच्या भाषेत नाही, म्हणून आई त्या जागी बोट वाजवते, आणि मीही. आम्ही असंच शिकलो. बाईंनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या की बाहेरून मदत येत नाही हे मला बघावं लागेल. तेव्हा तुझ्या आईंनी तुझ्या शेजारी बसावं, आणि दोघींचे हात टेबलावर, मला दिसतील असे.

अशी मी त्या परीक्षेला बसले. शेजारी लेक, समोर पडदा, आमचे चार हात टेबलावर पालथे. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. लेकीचे ओठ हलले आणि थांबले. बोट वाजवायची आता तिची छाती होईना. मी नुसती बसून होते. आयुष्यात इतकं गप्प मला कधी राहावं लागलं नव्हतं. तिची नखं पांढरी पडलेली दिसत होती आणि मला वाटत होतं, वाजव गं, वाजव, तुझीच आहे ती जागा.

तिने वर पाहिलं आणि बाईंना विचारलं की मी बोट वाजवलं तर चालेल का. बाईंनी मान डोलावून हो म्हटलं. मग माझ्या लेकीने, त्या परक्या बाईंच्या देखत, न लाजता, पहिल्यापासून सुरुवात केली. लाउदातुर, टक्, लाउदान्तुर. लाउदारिस, टक्, लाउदामिनी. तिथेच न थांबता सगळी रूपं शेवटपर्यंत म्हटली. माझे हात जागेवर होते. ते तसे ठेवायला मला किती कष्ट पडले ते मलाच ठाऊक.

शेवटी बाईंनी एक साधा प्रश्न विचारला. तू कोणाकडून शिकवली गेलीस? ह्या प्रश्नाचं उत्तर तिने आधीच तयार केलं होतं, मी आरशासमोर ऐकलं होतं. रविवारच्या सरांचं नाव घ्यायचं. त्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र तिने अर्जाला जोडलेलं होतं.

"आ मात्रे मेआ," लेक म्हणाली. "आ मात्रे मेआ दोक्ता सुम."

माझ्या आईकडून. तेवढं लॅटिन मला येत होतं. बाईंनी खाली बघून काही लिहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या, तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघून. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी नमस्कार केला.

तिला जागा मिळाली. पत्र आलं त्या दिवशी मी शिरा केला आणि तो ढवळता ढवळता रडले. आनंद झाला होता हे खरं, आणि पोटात खड्डा पडला होता हेही तितकंच खरं. हे म्हणाले, तुला नक्की काय झालंय? मी म्हटलं, दोन्ही झालंय.

सप्टेंबरात आम्ही तिला दिल्लीच्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेलो. पुढे विमान. गजक न्यायचा तो मोसम नव्हता, त्याची चुटपुट लागून राहिली. मी तिला सगळे प्रश्न विचारले. कोण घ्यायला येणार, कुठे उतरणार, किती वाजता पोचणार, फोन कधी करणार. तिने सगळ्यांची उत्तरं दिली, काहींची दोनदा. का, तेवढं विचारायची गरज उरली नव्हती.

ती आत जाऊन खिडकीशी बसली. त्या गाड्यांच्या काचा उघडत नाहीत. ती काही बोलत होती, ओठ दिसत होते, ऐकू येत नव्हतं. मी हाताने खूण केली की ऐकू येत नाही. मग ती बोलायची थांबली आणि आतून काचेवर एकदाच बोट वाजवलं. त्याचाही आवाज बाहेर आला नाही. मी पुढे होऊन बाहेरून त्याच जागेवर बोट वाजवलं. "चल, आता मागे हो," हे म्हणाले, आणि गाडी सुटली.